अर्धा मिनिट

बेगडेवाडी स्टेशनवर दुपारच्या लोकलला तो मला रोज दिसायचा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, कडेवर पेंगुळलेली दीड वर्षांची पोरगी. बायको कुसगावच्या एका हॉटेलात कामाला. ती लोकलमधून उतरून पोरीला घ्यायची आणि त्याच दारातून हा दुसऱ्या शिफ्टला जायला चढायचा. चढता चढता सांगायचा, "ताप न्हाई आता. औषध दिलंय." नवराबायकोचं दिवसाचं बोलणं बहुधा तेवढंच.

एकदा मी म्हणालो, "फार घाई होते तुमची."

"कंपनीत मशीन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला पंधरा मिनटं मिळत्यात, भाऊ," तो म्हणाला. "हितं गाडी अर्धा मिनिट थांबती."

एका शनिवारी गाडीच्या आधी बायकोचा फोन आला. हॉटेल भरलं होतं, तिला थांबवून घेतलं होतं. तो नुसतं "बरं" म्हणाला. मग सुपरवायझरचा फोन वाजू लागला. तो त्याने वाजू दिला.

गाडी आली. मी चढलो, तो खालीच राहिला. आवाजाने पोरगी जागी झाली आणि सवयीने बापाचा गळा सोडून तिने दाराकडे दोन्ही हात पसरले.

दारात मी उभा होतो.