आप्पांनी खडकावर उकळतं पाणी ओतलं

आई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, जळगावचं घर बंद करून आमच्याकडे वापीजवळच्या डोकमर्डीला राहायला आले. हॉलमधली समुद्राच्या पाण्याची टाकी पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं, पण हळूहळू माशांना खाणं घालायचं काम त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. म्हणून टाकीत बिघाड झाला तो माझ्याआधी त्यांना दिसला.

मुंबईहून आणलेल्या एका खडकावर बटणाएवढी हिरवी प्रवाळं होती. त्यांच्या फटीतून एक अ‍ॅनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, उगवला. काचेसारखा देठ, वर बारीक झिपऱ्यांचं तपकिरी फूल. दिसायला देखणा, पण शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जाळत जाणारा. मी चिमट्याने उपटला, तर राहिलेल्या तुकड्यांतून आणखी उगवले. मग खायच्या चुन्याची पातळ पेस्ट सिरिंजने एकेकाच्या तोंडात सोडली. ते आक्रसले, विरघळले, आणि पंपाच्या मागे नवे दिसू लागले. आप्पा रोज काचेला डोळे लावून शोधत आणि मी कामावरून आलो की बोट दाखवत.

शेवटी तो खडकच बाहेर काढून बादलीत घातला आणि बाल्कनीत ठेवला. रविवारी उन्हात कडकडीत वाळवायचा बेत होता. पण रविवारी सकाळीच कारखान्यात यार्नची एक लाइन बंद पडली आणि मला जावं लागलं.

लाइन सुरू होत आली होती तेवढ्यात बायकोचा फोन आला. आप्पांचा खोकला थांबत नव्हता, ओठ बधिर झाले होते, तोंडात लोखंडाची चव येतेय म्हणत होते. मी विचारलं, सकाळी खाल्लं काय?

"खाण्याचं नाही," ती म्हणाली. "तुमचा तो खडक त्यांनी बाथरूममध्ये नेला. दार लावून त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि ब्रशने घासत बसले."

आमच्याकडे खाटेतले ढेकूण असेच मारत. त्यांना तेच सुचलं असणार. पण त्या बटणासारख्या प्रवाळांपैकी काहींमध्ये भयंकर विष असतं, आणि तापवलं तर ते वाफेबरोबर छातीत जातं, हे मी कुठेतरी वाचलं होतं.

"दोघं आत्ताच्या आत्ता खाली जा," मी म्हणालो. "बाथरूमचं दार उघडू नकोस. काही आवरत बसू नकोस."

इंडस्ट्रियल इस्टेटच्या फाटकाशी एक ट्रेलर आडवा वळत होता. ड्रायव्हर मागेपुढे करत राहिला आणि मी हॉर्नवर हात ठेवून नुसता बसलो. आप्पा पंचाहत्तरीला आलेले, त्यात रक्तदाबाचे. दुसरं काही डोक्यात येत नव्हतं.

ते इमारतीच्या पायरीवर बसले होते. कपाळावर घाम, श्वास अर्धा अर्धा. बायकोच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला काही झालं नाही, असं आप्पा हाताने सांगत होते.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर बाईंना आधी वाटलं, अ‍ॅसिडने संडास धुतला असेल. मी खडकाचं सांगितलं. असा पेशंट आपण कधी पाहिला नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं. माझ्या मोबाइलवरचं सगळं वाचलं, मुंबईला आपल्या सरांना फोन लावला आणि परत येऊन म्हणाल्या, "याला उतारा नाही. श्वास आणि हृदय सांभाळायचं, बाकी वाट बघायची."

संध्याकाळी आप्पांचे ठोके चुकायला लागले. वापीला हलवावं लागलं तर म्हणून गाडी दाराशी आणून ठेवली. मी पलंगाशी उभा होतो. आप्पांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मेले का ते?"

ते अ‍ॅनिमोनबद्दल विचारताहेत हे मला आधी कळलंच नाही. मग खूप राग आला. मास्क त्यांच्या नाकावर दाबून बसवला आणि म्हणालो, "मेले, आप्पा. सगळे मेले."

मला माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. पहाटेच्या सुमारास ठोके सावरले तेव्हा डॉक्टर बाई पहिल्यांदा खुर्ची ओढून टेकल्या.

त्यांना घरी आणण्याआधी मी मास्क, चष्मा, हातमोजे घालून बाथरूम ब्लीचने धुतलं. तो खडक ब्लीचमध्ये बुडवला आणि जाड पिशव्यांत बांधला. टाकीच काढून टाका, असं बायकोचं म्हणणं होतं, आणि मलाही ते पटत होतं. आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चूक मी केली. मासे कशाला घालवता?"

मग उरलेली प्रवाळं आणि सगळे खडक गेले, मासे राहिले. ओक्याबोक्या टाकीत त्यांना लपायला मातीची दोन मडकी ठेवलीत. अ‍ॅनिमोन पुन्हा उगवला नाही. आप्पांना मात्र जिना चढताना अजून दम लागतो. ते मधल्या मजल्यावर थांबतात, कठड्यावरून खाली बघितल्यासारखं करतात. मी दोन पायऱ्या मागे थांबतो. ते त्यांना आवडत नाही, पण पुढे जा असंही ते म्हणत नाहीत.