खुर्चीरावांचा पहारा

छापखान्यासाठी लॅपटॉपवर पानं जुळवायचं काम घरून, तेही सवडीनं करायची मुभा मिळाली आणि स्वारी खुर्चीला चिकटली ती चिकटलीच. पाणी, चार्जर, बिस्किटांचा डबा, सगळं हाताशी. आळीनं नाव ठेवलं, खुर्चीराव.

आळीचं नाटक त्यांची बायको बसवत होती. तिनं त्यांना पहारेकरी केलं. बोलायचं काही नाही. अंकभर राजामागं भाला धरून उभं राहायचं. जन्मात पहिल्यांदा रंगमंचावर जायचं म्हणून गडी हरखून गेला.

पहिल्याच तालमीत पाय भरून आले. पहारेकरी सिंहासनाच्या हातावर टेकला.

राजा झालेला मेहुणा म्हणाला, "भावोजी, गादी हवी तर सरळ युद्ध करा की!"

बायको हसली नाही. "अहो, रंगीत तालमीत टेकलात तर काम दुसऱ्याला."

हे झोंबलं. उभं राहणं हेही कामच, आणि कामाची सवय अंगाला बेतानंच लावावी लागते. डबा स्वयंपाकघरात गेला, चार्जर पुढच्या खोलीत. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर चढला. एक पान उभ्यानं, एक बसून. फोन आला की येरझाऱ्या.

छापखान्याचे साहेब व्हिडिओवर म्हणाले, "अहो, नुसतं पोट दिसतंय. तोंड कुठाय?"

"वर गेलंय साहेब, येतो घेऊन!"

पोटऱ्या आधी ठणकल्या, मग मुकाट झाल्या. कंबरेची कुरकुर थांबली. डब्याकडे जाता-येता स्वारी शीळ घालू लागली.

रंगीत तालमीत ते टेकले नाहीत. बायको एवढंच म्हणाली, "प्रयोगाला येताना भाला घरी विसरू नका."

प्रयोग रंगात आला आणि दिवे गेले. अंधार पडताच प्रधान पायरीवर टेकला, राणीनं जमिनीवर फतकल मारली, राजानं सिंहासनावर तंगड्या पसरल्या. तेवढ्यात दिवे आले! प्रधान धडपडला, राणीचा झगा सिंहासनाखाली अडकला. दरबारात ताठ उभा एकटा पहारेकरी, भाला जागच्या जागी.

"राज्य राखलंत, खुर्चीराव!" प्रेक्षकांत मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या थांबेनात.

पडदा पडला. बायको हसत खुर्ची घेऊन धावली. "बसा हो आता."

"ती तुझ्या भावाला दे. राज्य करून दमलाय बिचारा. मला चहा आण, उभ्यानंच घेतो."