आईचं अनवाणी वर्ष

मी डॉक्टर आहे, हे लिहिताना आजही हात अडखळतो. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपली आणि पीजीच्या प्रवेश परीक्षेत माझा क्रमांक इतका मागे गेला की रेडिओलॉजी सोडाच, मनाला पटेल अशी एकही शाखा हाती लागेना. मग एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यायचं ठरवलं. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात आहेत. चिकलठाण्यातल्या आमच्या लहानशा घरातली आतली खोली त्यांनी मला अभ्यासाला दिली. "वर्ष वाया जाऊ देऊ नको," असं जो भेटेल तो सांगायचा. म्हणून मी एक मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. सकाळी प्रश्नसंच, दुपारी एका दवाखान्यात नोकरी, संध्याकाळी कॉलेजातल्या एका सरांबरोबर शोधनिबंध आणि रविवारी वाळूजला कामगारांसाठी मोफत तपासणी शिबिर. जेवायला वीस मिनिटं राखून ठेवली होती. आईचं नाव तक्त्यात कुठेच नव्हतं. ती काय, घरातच असायची.

आईनेही त्या वर्षाचं आपल्या परीने काही ठरवलं होतं. निकालानंतरच्या पहिल्याच शनिवारी ती खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेली आणि देवाला बोलून आली, की लेकीला सीट मिळेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. आमच्या भागात बायका असं बोलतात आणि बोललेलं पाळतात. पण तिला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. मी म्हटलं, "आई, तुला शुगर आहे, अनवाणी नको फिरू." ती म्हणाली, "तू तुझं वाच गं. मारुतीला बोलले मी. सीट लागली की घालतेच की."

मी पुन्हा काही बोलले नाही. का नाही बोलले, ते बाबांनाही आजवर सांगितलेलं नाही. मैत्रिणींमध्ये मी नवससायासांची चेष्टा करायचे. पण आईला नवस मोडायला लावला आणि उद्या क्रमांक हुकला तर, ही धास्ती मनात घर करून होती. ती अनवाणी चालतेय तोवर आपली बाजू जरा भक्कम आहे, असं मला वाटायचं. मारुतीला मानायचं नाही आणि त्याच्याकडून मिळेल ते घ्यायला मात्र तयार, अशी माझी तऱ्हा होती.

त्या वर्षात शिबिरात मी किती कामगारांचे बूट काढायला लावले असतील! प्रत्येकाचा तळवा उलटा करून बघायचे, कापसाने स्पर्श करून "कळतंय का?" विचारायचे, आणि काळजी घेत नाहीत म्हणून त्यांना रागवायचे. मधुमेही पायावरचा एकही प्रश्न माझा कधी चुकत नसे. प्रत्येक सराव परीक्षेच्या सकाळी मी आईच्या पाया पडायचे. वाकायचे, बोटं टेकवायचे आणि घड्याळ बघत निघायचे.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. श्रावणातला शनिवार होता, म्हणून आईने हट्टाने मलाही सोबत नेलं. बसमध्ये मी मोबाइलवर प्रश्न सोडवत होते, स्टँडवरून देवळाकडे चालतानाही सोडवत होते. गर्दी फार होती. आई दमली आणि रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या एका म्हातारीशेजारी टेकली. मी उभ्यानेच वाचत राहिले.

"ओ बेटा," म्हातारीने मला हाक मारली, "मोबाइल ठेव अन् अम्माचा पाय बघ आधी. हे बरं दिसत नाय."

मी वाकून पाहिलं. उजव्या तळव्याला हळदीचा जाड लेप होता आणि त्याच्या कडेने पू येत होता. दुसरं बोट काळंनिळं पडलं होतं. लेप पुसला तर आत बाभळीचा काटा मोडलेला. आईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "झाले असतील आठ-दहा दिवस. दुखत नाय ना काही, म्हणून बोलले नाय. तुझी परीक्षा, उगं कशाला घोर लावायचा?" दुखत नव्हतं, हीच तर भीतीची गोष्ट होती. ते मी शंभर वेळा वाचलेलं होतं.

म्हातारीने आपल्या घागरीतलं पाणी ओतून पाय धुतला. "आमच्या मियाँचं अस्संच झालतं," ती म्हणाली. "शुगर होती. काही कळलंच नाय त्यांना. गुडघ्यापासून पाय गेला." मग तिने स्वतःच्या चपला काढून आईपुढे सरकवल्या. आई मागे सरली, नवस आहे म्हणाली. म्हातारी हसली. "तुमचा देव बी इथं आराम करतोय ना? मग तुमीच पायाला कशाला सजा देता? घाला."

खुलताबादचा मारुती आडवा निजलेला आहे, हे लहानपणापासून मला माहीत होतं. आईने एकदा देवळाच्या कळसाकडे पाहिलं आणि त्या चपला घातल्या. वर्षभरात मी डॉक्टर असून जे करवून घेऊ शकले नाही, ते त्या बाईच्या एका शब्दावर झालं. तिने ओळखीची रिक्षा थांबवली आणि आम्ही दर्शन न घेताच शहरात आलो. सर्जन म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर पाऊल वाचलं नसतं. बोट मात्र काढावं लागलं.

ते तीन आठवडे मी आईच्या खाटेशी होते. परीक्षा दिली. क्रमांक थोडा सुधारला, पण हवी ती शाखा यंदाही लागली नाही. रडू आलं, पण ते सीटसाठी नव्हतं. आईचं एक बोट मी माझ्या भीतीपायी गमावलं, हे दुःख आता माझ्याबरोबर राहणार आहे. आणखी एक वर्ष थांबायचं ठरलंय. आठवड्यातले तीन दिवस मी एका दवाखान्यात मधुमेही पायांचं ड्रेसिंग करते. नवा तक्ता केलेला नाही.

आई चालू लागल्यावर आम्ही पुन्हा खुलताबादला गेलो. मी नव्या चपला घेतल्या होत्या, त्या म्हातारीला द्यायला. ती तिथेच होती, पेरूंची रास नीट लावत होती. तिला आम्ही आठवलोच नाही. "मी दिल्या व्हय? दिल्या असतील," म्हणाली, आणि नव्या चपला घेऊन आईच्या हातात दोन पेरू ठेवले. ती कोण होती, कोणी बसवली होती तिला त्या जागी, याचा शोध मी घेत नाही. मला वेळेवर हाक मारली गेली, एवढं मला पुरे आहे.

देवापुढे मी सांगितलं, की सीटसाठी आई जे बोललीय ते मी परत घेते. द्यायचं तेव्हा दे, नाही दिलंस तरी तुझ्यावर रुसणार नाही; तिचे पाय तेवढे सांभाळ. मग मलाच वाटलं, ते सांभाळायला तर त्याने मला शिकवलं होतं.

बाहेर आल्यावर पायरीपाशी आईने आपल्या चपला शोधल्या. मागे वर्षभर तिला इथे काही शोधावं लागलं नव्हतं. मी खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा पाहू लागले. "सोड गं, लोकं बघायलेत," आई लाजून म्हणाली. मी सोडला नाही. टाच पाहिली, कडा पाहिल्या, मग उरलेल्या चारही बोटांच्या मधल्या फटी पाहिल्या आणि गेलेल्या बोटाच्या रिकाम्या जागेवर कपाळ टेकवलं.