तंजावूरचे बारा पाळणे

मिरज स्टेशनवर आमची ही निरोप द्यायला आली होती. निरोप कसला, ताशेरेच ते. "लोक तंजावूरला देऊळ बघायला जातात. तुम्ही नटबोल्ट बघायला चाललात. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आणखी किती लांब जाणार?" गुडघ्यामुळे तिला सोबत येता येत नव्हतं, म्हणून राग दुप्पट. मी पिशवी उचलून डब्यात चढलो. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकलो आहे.

खरं काय ते आधीच सांगून टाकतो. मी एका सरकारी खात्यात यंत्रांचा तपासनीस होतो. जत्रेत आकाशपाळणा उभा राहिला की तो तपासून दाखला द्यायचा, हे माझं काम. ऐन तिशीत एका जत्रेत मी बारा पाळण्यांपैकी आठच तपासले. उरलेले चार वर होते, जनरेटरचं डिझेल संपलेलं, आणि पाळणेवाला म्हणाला, "सायेब, त्ये बी तसलेच हायती." जेवायची वेळ झाली होती. मी सही केली. त्याच संध्याकाळी त्या चारांतला एक पाळणा एका बाजूनं निखळला आणि शेवंता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी खाली आली. जगली, पण उजव्या पायानं कायमची अधू झाली. चौकशीत मला विचारलं, "सगळे पाळणे तपासले होते?" मी म्हणालो, "हो." कागद बरोबर होते. मी सुटलो.

त्यानंतर मी टेबलाचं काम मागून घेतलं आणि पुन्हा कधी दाखल्यावर सही केली नाही. निवृत्त झाल्यापासून मात्र गावोगावची पार्कं बघत एकटा हिंडतो. कशातच बसत नाही. बाकावर बसून एकेक पाळणा खाली येईपर्यंत बघत राहतो. हिला वाटतं, हा नाद आहे. ते आठ आणि चार मी तिलाही कधी सांगितले नव्हते.

बंगळूरला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी पहाटे तंजावूरला उतरलो. जवळच्या पापनाशम गावाकडे जाणाऱ्या बायका हिरव्या केळीच्या पानांचे भारे घेऊन फलाटावर बसल्या होत्या. त्या दिवशी मी मुकाट्यानं देऊळ पाहिलं. भिंतीवरचा मराठी शिलालेख बोटानं वाचत उभा राहिलो तेव्हा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. पण इतक्या दूर आपली अक्षरं भेटली तरी ती वाचून दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. एकट्यानं फिरण्यातलं हे एक दुखणं आहे. हिला फोटो पाठवला. उत्तर आलं, "देव बघितला का भिंतच?"

तिसरा दिवस पार्कांचा. यादीत तीन होती. नावं देत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यानं कोणाच्या पोटावर पाय यायला नको.

सकाळी पोंगल खाल्ला (मऊ खिचडीच ती, पण मिरी अशी की डोळ्यांतून पाणी यावं) आणि ऑटोनं शहराबाहेरच्या पाण्याच्या पार्कात गेलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधूनच कालवा, आणि एकाएकी आभाळाला टेकलेल्या निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या. तिकीटखिडकीतल्या मुलीनं माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"फॅमिली?"

"नाही."

"तनिया? (एकटेच?)"

मी मान हलवली. तिनं आतल्या माणसाला बोलावलं. एकट्या पुरुषाला आत सोडत नाहीत म्हणे, बायकामुलींना त्रास होतो. नियम चांगलाच आहे, पण चौसष्टाव्या वर्षी आपण त्या नियमात सापडलो याची लाज वाटली. शेवटी माझे पांढरे केस पाहून सोडलं, आणि वर नायलॉनची गुडघ्यापर्यंतची चड्डी भाड्यानं घ्यायला लावली. नाडी तुटकी. एका हातानं ती चड्डी धरून मी तासभर घसरगुंड्यांचे सांधे बघत फिरलो. एकही बोल्ट सैल नव्हता, सांध्यांवर नवं फायबर मारलेलं. मनात त्या अनोळखी फिटरला शाबासकी दिली आणि बाहेर पडलो.

दुपारी पानावरचं जेवण झालं, वर दोन पेले मोर (ताक) झालं, आणि मग जुन्या किल्ल्यातली बाग गाठली. तलाव, झाडं, मुलांची छोटी आगगाडी, दोन-चार झोपाळे. गाडी इतकी सावकाश चालते की तिच्यातून पडायला मुद्दाम उडी मारावी लागेल. बाकावर बसून हिला फोन लावला. ती म्हणाली, "जेवलात का?" मी म्हणालो, "जेवलो, ताकात आलं जास्त होतं." फोन ठेवतो तोच शेजारच्या बाकावरचे एक पांढरी वेष्टी (लुंगीसारखं धोतर) नेसलेले गृहस्थ उठून समोर आले.

"आपण मराठी बोलूलागलांत. कोठून आलांत?"

हेल सगळा तमिळ, शब्द मात्र माझ्या पणजोबांच्या तोंडचे. हे गोविंदराव, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इथं आलं आणि इथलंच झालं. बाकावर त्यांच्या पत्नी तुळजाबाई होत्या, साठी उलटलेल्या, वेणीत कदंबम (मोगरा, अबोली आणि मरव्याचा इथला गजरा). घरात मराठी बोलतो पण वाचता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी भिंतीवरच्या लेखाचं बोललो तर म्हणाल्या, "आम्ही त्याला नमस्कार करून येतों. काय लिहिलंय ते ठाऊक नाही." फोनमधला फोटो काढला आणि दोन ओळी वाचून दाखवल्या. दोघंही हात जोडून ऐकत होते.

संध्याकाळी कुठं जाणार, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी, प्रदर्शनाच्या मैदानावर, असं सांगितलं तशी तुळजाबाई नवऱ्याकडे वळल्या. "बघा! हेही तेथेच चाललेत." त्यांना राट्टिनममध्ये (आकाशपाळण्यात) बसायचं होतं. उभ्या जन्मात बसल्या नव्हत्या. लहानपणी वडील नको म्हणत, पुढं नवरा. पेरिय कोविल (मोठं देऊळ) त्यांनी रोज खालून पाहिलेलं, एकदा वरून बघायचं होतं.

"चक्कर येईल तुला," गोविंदराव म्हणाले.

"येऊं दे. घरीं बसूनही येतेच की."

तिघं एकाच ऑटोतून गेलो. मैदानावर फायबरचे डायनासोर, थंड बर्फाची गुहा, गरगरणारा ब्रेकडान्स, झुलती कोलंबस होडी, तळलेल्या अप्पळमचा (पापडाचा) वास, आणि मधोमध बारा पाळण्यांचं चक्र. गोविंदराव तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. मी सवयीप्रमाणं बाजूला बसून मोजू लागलो. एक ठीक. दोन ठीक. पाळणा ज्या आडव्या दांड्यावर टांगतात, तो सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना कॉटर पिन घालून दुमडतात. चणे-फुटाण्यांच्या मोलाची वस्तू, पण माणसाचा जीव तिच्यावर. सातवा, निळा पाळणा खाली आला. एका टोकाला पिन नव्हती. तिच्या जागी वायर पिळलेली होती, आणि दांडा आतल्या बाजूला बोटभर सरकला होता.

चष्मा पुसला. पुन्हा फेरी येऊ दिली. वायरच होती ती. निळ्या पाळण्यात कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या आणि वर गेल्या की ओरडून हसत होत्या.

मी चालवणाऱ्याकडे धावलो. इंग्रजीत, हिंदीत, हातवारे करून सांगितलं. त्यानं शांतपणे खांबाकडे बोट केलं. खांबाला दाखला टांगलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला. ताजी तारीख. शिक्का. खाली सही. कागद बरोबर होते. त्या सहीकडे बघत मी खुळ्यासारखा उभा राहिलो, आणि खरं सांगतो, क्षणभर वाटलं की आपलंच चुकलं असेल, जावं निघून.

तेवढ्यात तुळजाबाई तिकीट घेऊन फळीवर पाय ठेवायला आल्या.

"बाई, बसू नका."

"कशास?"

मी सांगितलं. त्यांनी वर बघितलं, मग रांगेकडे. "आणि हे सगळे? त्यांस सांगितलंत?"

"कसं सांगू? मला त्यांची भाषा येत नाही."

"मला येते की."

एवढं बोलून ती बाई जिथून लोक पाळण्यात चढतात त्या फळीवर पदर आवरून चक्क मांडी घालून बसली. आणि तमिळमध्ये असा आवाज काढला की ब्रेकडान्सवरचे लोकसुद्धा वळून बघायला लागले. गोविंदराव कपाळाला हात लावून माझ्याजवळ आले. "ती सांगूलागलीय, ह्या मनुष्यास वर बघू द्या, तोवर मी उठणार नाही. आतां देवही उठवूं शकत नाही तिला. मी चाळीस वर्षं बघतोंय."

देवळातल्या मूर्तीसारख्या त्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार? मालक आला. धिप्पाड माणूस, पण समोर येऊन हात जोडले, "अम्मा, अम्मा." अम्मा ढिम्म. रांगेतले लोक आपापली मुलं मागं ओढायला लागले. शेवटी मालकानं माझ्याकडे बघितलं आणि चालवणाऱ्याला खूण केली.

एकेक पाळणा सावकाश खाली आणून रिकामा केला. निळा सर्वांत वर होता. तो खाली येईपर्यंत मी काय काय नवस बोललो ते आता आठवत नाही. मुली उतरल्या, त्यातली एक रागानं काही बोलली आणि दोघी निघून गेल्या. त्यांना काही कळलं नाही, ते बरंच झालं. मी वायरला दोन बोटं लावली. ती सुटून हातात आली.

मालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो माणूस वाईट नव्हता. गोविंदरावांनी त्याचं बोलणं मला सांगितलं. पिना संपल्या म्हणून फिटरनं कालच्या दिवसापुरती वायर लावली होती, आणि कालचा दिवस आजपर्यंत लांबला. फिटर कोलंबसवाल्याकडून पिनांचा डबा मागून घेऊन आला. चक्र हातानं फिरवायला सांगून मी एकेक पाळण्याशी गेलो. दांडा, पिन, कडी, दार. पाचव्याला कमरेत उसण भरली. आठवा झाला तेव्हा मी थांबलो. फिटर म्हणाला, "सार, बाकी ओके." अगदी सहज म्हणाला.

मी नववा बघितला. दहावा बघितला. अकरावा. बारावा. नवव्याचीही पिन झिजली होती, ती बदलून घेतली.

अंधार पडत आला होता. बाई फळीवरून उठल्या, गुडघे चोळले आणि थेट मला विचारलं, "आतां बसूं का? सगळे बघितलेत?"

थांबवणं सोपं असतं हो. कोणीही येऊन थांबवू शकतं. 'बसा' म्हणणं कठीण. एकतीस वर्षांत मी कोणाला बसा म्हणालो नव्हतो.

"हो," मी म्हणालो. "बाराच्या बारा. बसा तुम्ही."

त्या बसल्या. नवराही बडबडत शेजारी बसला. चक्र फिरलं आणि मी खाली खांबाला धरून उभा राहिलो. पाच फेऱ्या झाल्या. उतरल्या तेव्हा गजरा विस्कटला होता आणि डोळे लुकलुकत होते. "देऊळ दिसलं," त्या म्हणाल्या. "केवढं लहान दिसलं!" मग माझ्याकडे बघून, "तुम्ही रडूलागलांत कशास?"

तिथंच, सुंडलच्या (उकडून फोडणी दिलेल्या हरभऱ्यांच्या) गाडीपाशी, मी ते सगळं सांगितलं. आठ, चार, शेवंता, आणि चौकशीतलं ते खोटं 'हो'. पहिल्यांदाच कोणाला तरी. वाटलं, बाई म्हणतील, जाऊ द्या, फार वर्षं झाली.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मी कोठली कोण. तिला सांगा."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून होतो. हिरवी खाचरं गेली, नारळ गेले, बोडके डोंगर आले. इतकी पार्कं हिंडलो ती बहुतेक त्या एका दारी जायचं टळावं म्हणून, हे कळायला तंजावूर गाठावं लागलं. घरी आल्यावर आधी हिला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "उद्याच जा. डबा देते."

पत्ता चौकशीच्या कागदांपासून पाठ होता. शेवंताबाई आता पन्नाशीच्या आहेत. घरीच शिवणकाम करतात, डाव्या पायानं मशीन चालवतात. मी कोण ते सांगितलं. मग उंबऱ्यातच उभं राहून म्हणालो, "त्या दिवशी बारांतले आठच पाळणे मी बघितले होते. चौकशीत खोटं बोललो."

मशीन थांबलं. त्यांनी दातानं दोरा तोडला, कापड बाजूला ठेवलं.

"माझा कितवा हुता?"

"दहावा," मी म्हणालो.