घोडीच्या मागे

न्हावऱ्याचे तात्याबा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सव्वीस जानेवारीला शाळेचे संचलन तेच बसवत. त्याशिवाय त्यांना दुसरे काही उरले नव्हते. त्यांच्या बहिणीचे यजमान जयसिंगराव बैलगाडा शर्यतीची घोडी पाळत. शर्यतीत ती पुढे पळते आणि बैल तिच्यामागे धावतात. दोघांचे कधीच पटले नाही.

१९९७ च्या डिसेंबरात दोघे माझ्या ओसरीवर होते. रोमचे शिस्तीचे पायदळ आणि गवताळ मुलुखातले फिरस्ते तिरंदाज स्वार यांच्या लढाया मी इंग्रजी पुस्तकातून मराठीत सांगत होते.

"रांग मोडली न्हाई तर घोडं काय करतंय, दाजी?" तात्याबा म्हणाले.

"लांबून मारतंय. तुमी ऱ्हावा उभं, खांबावानी."

"तुमची घोडी निस्ती पळायलाच चांगली."

"मग या मैदानात, पाव्हणं. हरला तर सव्वीस जानेवारीला घरी बसायचं."

"बसंन."

रविवारी तात्याबांनी तरण्या गड्यांचा चौकोन उभा केला. हातात वेळू, ढालीच्या जागी पाट्या. जयसिंगराव दोन सोबत्यांसह घोड्यांवरून भोवती फिरत गेरूच्या पुरचुंड्या फेकू लागले. अंगावर गेरू लागला तो मेला, असे ठरले होते. पण सगळ्या पुरचुंड्या पाट्यांवरच फुटत होत्या.

"दमलं का, दाजी?" तात्याबा ओरडले. लोक खदखदा हसले.

जयसिंगरावांनी घोडी वळवली आणि वेशीकडे सोडली. पळाल्याचे सोंग करून पायदळाला रांगेबाहेर ओढायचे, हे मी दोघांनाही सांगितले होते. तात्याबांनी गड्यांना बजावलेही होते. पण सगळे गडी जत्रेत शर्यतीच्या घोडीमागे ओरडत धावतच वाढलेले. घोडी पुढे सुटताच आरोळी ठोकून ते मागे धावले.

"रांग! रांग धरा, गाढवांनो!"

कोणी ऐकले नाही. घोडी गर्रकन वळली आणि सगळे लाल झाले.

तात्याबा एकटेच जागेवर उभे होते, गेरूचा डाग न लागलेले.

"पळा की आता, पाव्हणं!" जयसिंगरावांनी घोडी अंगावर घातली. रोखलेल्या वेळूपुढे ती थबकली. त्यांनी चाबूक ओढला, तरी ती पुढे येईना.

"मी मेलो न्हाई," तात्याबा म्हणाले, "पर फौज मेली." वेळू टाकून ते घरी गेले.

सव्वीस जानेवारीला संचलनापुढे जयसिंगराव घोडीवर होते. तात्याबांच्या दारासमोर त्यांनी मुद्दाम टाच मारली, आणि मागची पोरे रांगा मोडून ओरडत धावली. आत कडी काढल्याचा आवाज झाला. पण दार उघडले नाही.