आहे एक लॉन्ड्रीवाला

हॉटेलच्या लॉन्ड्रीत थोरल्यासारखा गडी दुसरा नाही, खुशाल कुणालाही विचारा. पडद्यावरून त्याची वाफेची इस्त्री फिरली की सुरकुतीनं आपण होऊन गाशा गुंडाळायचा. शाळा मात्र लवकर सुटली. सुटली कसली, त्यानंच सोडली. घरात दोघं भाऊ, शिकता येणार होतं एकालाच, आणि डोकं धाकट्याचं चालायचं.

त्या डोक्याचं चीज झालं. धाकटा इंग्रजी बोलायचे क्लास घ्यायला लागला. क्लासचे बाक थोरल्यानं सुट्टीच्या दिवशी ठोकलेले, फळा त्यानंच रंगवलेला, आणि रोज सकाळी सरांचा शर्ट कडक करून खुंटीला अडकवायचा तोही त्यानंच. लॉन्ड्रीत "आमचे सर, आमचे सर" एवढं चालायचं, की बाकीच्यांचे कान किटले.

मग फोरमनची जागा निघाली. थोरल्याच्या हक्काचीच ती. पण नवे मॅनेजर परदेशी. ते इंग्रजीतून विचारणार, तेही एवढंच, की रोज काय काय करता.

"हात्तिच्या! रोजचंच तर सांगायचंय," थोरला म्हणाला.

स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. धाकट्यानं मोबाइल मधोमध ठेवला. "रेकॉर्ड करतो, दादा. नंतर ऐक, चुका कळतील."

"आय ॲम वॉशिंग चादर एव्हरी डे."

"आय वॉश. रोजची सवय सांगताना ते इंग काढून टाक."

"अरे, पण काम चालूच असतं ना! मशीन थांबतं कुठं?"

"मशीनचं राहू दे. भावाबद्दल सांग."

"माय ब्रदर टीच इंग्लिश. ही इज ऑलवेज वेअरिंग माय इस्त्री."

धाकटा पोट धरून हसला. थोरलाही हसला. घरातलं हसणं ते, त्याचं काय एवढं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी कामावरून येताना थोरला क्लासचा जिना चढला. एका बाकाचा पाय डुगडुगत होता, म्हणून पिशवीत हातोडी घेतलेली. दाराशी पोचतो तर आतून त्याचाच आवाज. स्पीकरवर, मोठ्ठा. "ही इज ऑलवेज वेअरिंग माय इस्त्री." मागून हशा. पोरांनी बाक बडवले. त्यानं ठोकलेले बाक.

"सांगा, चुका किती?" धाकटा विचारत होता.

"पण सर, हा आहे कोण?" एका पोरीनं विचारलं.

आता सांगेल, थोरल्याला वाटलं. हसले तर हसू देत, पण आता सांगेल.

"आहे एक लॉन्ड्रीवाला," धाकटा म्हणाला. "पुढचं वाक्य ऐका."

थोरला आल्या पावली खाली उतरला. बाक डुगडुगतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं हसून तोच प्रश्न विचारला. वाक्यं सगळी तोंडपाठ होती, इंग काढलेली. थोरल्यानं तोंड उघडलं आणि कानात बाक वाजायला लागले. मॅनेजरनं पुन्हा विचारलं, सावकाश, लहान पोराला विचारतात तसं. थोरला खुर्चीवरून उठला आणि सरळ आपल्या मशीनकडं गेला. जागा मिळाली टॉवेलच्या घड्या घालणाऱ्याला. तो म्हणे अडखळत, चुकत बोलला, आणि साहेबाला सगळं कळलं.

"कुठं चुकलास, दादा?" धाकट्यानं घरी विचारलं.

"बोललोच नाही, तर चुकतोय कुठला!"

"कमाल करतोस! एवढं घोटून घेतलं मी..."

"घेतलंस खरं."

सकाळी खुंटी रिकामी होती. शर्ट खुर्चीवर पडलेला, चोळामोळा.

"दादा, शर्ट राहिला वाटतं?"

"लॉन्ड्रीवाल्याकडं टाक."

"कुठल्या लॉन्ड्रीवाल्याकडं?"

"आहे एक."

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. "दादा, अरे, ते पोरांसमोर नुसतं..."

थोरला ऐकायला थांबला नाही. सवयीनं हातानं इस्त्री मात्र लावून ठेवली होती, ती तापत होती. त्यानं प्लग ओढला, डबा उचलला आणि कामावर निघून गेला.