बारशाची कॅसेट आधी ऐका

पुण्याहून फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. खेड्यापाड्यांतल्या जुन्या गायकांचं गाणं नोंदवून ठेवणारी फोन करणाऱ्या माणसाची चार जणांची मंडळी होती. त्या वर्षी आमच्या बाजूच्या एकाच गायकाचं ध्वनिमुद्रण करायचं होतं, आणि कोणीतरी त्याला मेहकर तालुक्यातल्या काकांचं नाव सुचवलं होतं. काकांची गायन पार्टी होती. माझे वडील तीत वीस वर्षं ढोलकी वाजवत, म्हणून मी त्यांना काका म्हणते, आणि म्हणूनच नंबर माझा दिला गेला.

"मी त्यांचं काहीच ऐकलेलं नाही, मॅडम. कुठून सुरुवात करू? एकच काहीतरी पाठवा. या आठवड्यात आम्हाला ठरवायचंय."

काकांच्या गळ्यात गाठ निघाली होती. पंधरा दिवसांनी ऑपरेशन होतं, आणि आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ध्वनिमुद्रण व्हायचं तर याच पंधरा दिवसांत. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग लवकर पाठवा.

आमच्याकडे मोठ्या माणसाची चीज त्याला विचारल्याशिवाय बाहेर देत नाहीत. मी रविवारी बुलढाण्याहून बस धरून काकांच्या गावी गेले. चूक झाली ती इथे.

काका ओसरीवर खाटेवर बसले होते. खाली राख घातलेला डबा. दर दोन वाक्यांनी खाकरायचं आणि त्यात थुंकायचं. मला बघून त्यांच्या पुतण्याने आधी मोबाइल काढला. स्क्रीनवर तेलकट बोटांचे ठसे होते, त्याखाली डरकाळी फोडणारा वाघ, मग वीज, मग ज्वाळा, आणि ज्वाळांमध्ये कोणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेलं काकांचं डोकं. गळ्यात चिकटवलेली सोन्याची साखळी. मागे असा दणका की खाटेचा पाय थरथरावा.

"ताई, हे पाठवा. लय चालून राह्यलं हे. वरातीत हेच वाजते."

"याच्यात काकाचा आवाज कुठी हाय?"

"येते ना मंधात. बीट थांबला की येते."

"बंद कर बे ते," काका म्हणाले. "कोंबड्या भेल्या."

मला वाटलं, निदान म्हाताऱ्याला तरी कळतं. तेवढ्यात काकांनी पेटीतून त्यांची कॅसेट काढायला लावली. अकोल्याच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेली, मुखपृष्ठावर काका उसन्या कोटात. ती मला पाठ होती. एको इतका की प्रत्येक शब्द विहिरीत पडल्यासारखा, वर कॅसिओची पिपाणी. आणि चाल एका गाजलेल्या सिनेमाची. आमच्या पार्ट्यांची रीतच ती: ओळखीच्या चालीवर आपले शब्द बसवायचे, म्हणजे बसलेल्या माणसांना लगेच धरता येतं. आम्ही शब्द ऐकतो. बाहेरच्या माणसाला आधी सिनेमा ऐकू येतो.

मी तसं बोलले. "काका, ते चाल सिनेमाची हाये. पुन्याचा मानूस हाये तो."

"मंग? पुन्यात सिनेमा पाहत नाई का लोक?"

"बारशात, लग्नात तुमी गात होते, ते पाठवू का?"

"ते गानं नोहे व माय. ते त घरचं बोलनं. पाहुन्याले आपन फुटक्या ताटात वाढतो का? कोटवाली पाठव."

मला माहीत होतं की हे चुकतंय. तरी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. कॅसेटमधलं ते गाणं पुतण्याच्या मोबाइलमध्ये होतंच; तिथूनच पुण्याला पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आवाज बरा आहे, पण चाल सिनेमाची, एको फार, असे गायक बरेच मिळतात, आम्ही दुसऱ्या एकांना घेतोय.

मला त्या माणसाचा राग आला, पण जास्त शिसारी आली ती माझीच. नववीच्या मुलाने उत्तर माहीत असून चुकीचं लिहिलं तर मी त्याला वर्गात उभं करते.

त्या संध्याकाळी माळ्यावरून माझ्या मुलाच्या बारशाची कॅसेट काढली. सेलवर चालणाऱ्या टेपवर माझ्या भावाने भरलेली. टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल धरून ती पुन्हा भरून घेतली. सुरुवातीची दहा-बारा मिनिटं काढून टाकण्यासारखी आहेत; तिथेही एकोच आहे. मग लाईट जाते. माइक मरतो, कॅसिओ मरतो. बायांचा कालवा, भांडं पडल्याचा आवाज, माझं पोरगं रडतंय. काका गाणं थांबवत नाहीत. आवाज खाली उतरवतात, वडिलांची ढोलकी बोटांवर येते, आणि ते गातागाताच आत्याला विचारतात, नाव काय ठेवतेस. आत्या लाजते. मग ते तिची बाजू घेऊन गातात, मग तिच्या सासूची. पाळण्याजवळ तंबाखू थुंकणाऱ्या एका पाहुण्याला त्याच तालात असं झाडतात की बायका हसून हसून खोकतात. चाल सिनेमाची नाही, कोणाचीच नाही. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत माझ्या घरातलं प्रत्येक माणूस त्या गाण्यात येऊन जातं.

ती पाठवली. याही वेळी तीन दिवस गेले. मग फोन.

"मॅडम, हे आधी का नाही पाठवलंत? हे तर फारच वेगळं आहे."

"आता येता का?"

"आता गाडी, माणसं सगळी त्या दुसऱ्या गायकाकडे गेली आहेत. पुढच्या वर्षी नक्की विचार करू."

"पुढच्या वर्षी ते गाऊ शकणार नाहीत. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो, ते दुर्दैवच," तो म्हणाला. मी फोन ठेवला. दुर्दैव वगैरे काही नव्हतं. एकाने उसना कोट घातला, एकीने तोंड बंद ठेवलं, आणि एकाला एका गाण्यापलीकडे ऐकायचा कंटाळा होता.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. महिन्याने मी भेटायला गेले तेव्हा काकांच्या गळ्याला भोक होतं, त्यावर जाळीची पट्टी, आणि मांडीवर पोरांची पाटी. मी बारशाची कॅसेट लावली. वाटलं होतं, आवडेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि पाटीवर लिहिलं: पोट्टं रडते याच्यात. हे कोनाले देऊ नको.

"दिलं, काका. पुन्याले."

त्यांनी फडक्याने पाटी पुसली. लिहिलं: मले इचारलं?

"नाई. मांगं इचारलं होतं, तवाच चुकलं."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. पुतण्या चहा घेऊन आला, त्यांनी हातानेच त्याला परत पाठवलं. माझ्या वडिलांबरोबर वीस वर्षं गायलेल्या माणसाने मला चहा नाकारला. मी बसस्टँडवर आले.

त्यानंतर तीन-चार जणांनी विचारलं, काकांचं काय ऐकू, कुठून सुरुवात करू. मी सगळ्यांना बारशाचीच कॅसेट भरून दिली, लाईट जाते तिथून ऐका असं सांगून. पुतण्याला कुठून तरी कळतंच, आणि तो प्रत्येक वेळी घरी जाऊन सांगतो. काका पाटीवर माझ्याबद्दल काय लिहितात तेही तो मला सांगायला येतो. मी ऐकून घेते, आणि कॅसेट देणं चालू ठेवते.